पाणी यायच्या आत

पहाटे ४.४०

सुतारवाडीच्या रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड आहे. आत भिंतीशी पॅडल उभी केलेली. दोरीवर लाइफ जॅकेटं वाळत टाकलेली, पण ऑक्टोबरात कोकणात ती काही वाळत नाहीत. एकुलत्या बल्बखाली दादा उकिडवा बसून चेनसॉची साखळी कानशीने घासतोय. एका दाताला तीन घासे, मग पुढचा दात. एका बाजूचे दात झाले की मशीन फिरवायचं आणि दुसरी बाजू धरायची. हाताला घाई नाही.

"बोथट साखळी भुसा पाडते, धारेची साखळी कीस पाडते," तो म्हणतो. "भुसा दिसला की समजायचं, मशीन नुसतं पेट्रोल पितंय."

मशीन चिनी आहे. ऑनलाइन मागवलेलं, साडेसहा हजाराला, सगळ्यांच्या वर्गणीतून. पेट्रोल एकशे चार रुपये लिटर. त्यात लिटरला चाळीस मिली टू-टी तेल. साखळीवर सोडायचं तेल मात्र वेगळं, आणि ते चक्क पामतेल आहे, पिशवीतलं, वडे तळायचं. साखळीवरचं तेल पाण्यात सांडतंच. खाली गावं आहेत, पाणी भरणाऱ्या बाया आहेत. म्हणून पामतेल.

दादा राफ्टिंगचा गाईड आहे. कुंडलिका नदीवर पर्यटक घेऊन जाणं हा त्याचा धंदा. आज तो फेरी मारणार नाही. रविवारी रात्री परतीचा पाऊस कोसळला, साजे गावाच्या खालच्या अंगाला काठ ढासळला आणि एक उंबर मुळासकट नदीत आडवा झाला. नेमका वळणावर, नेमका राफ्टच्या वाटेत.

५.३०

निघालो तेव्हा आम्ही नऊ जण. दादा. एक नेपाळी गाईड, वयाने मोठा, त्याला सगळे दाजू म्हणतात. आसपासच्या गावातले आणखी दोन गाईड. पुण्याहून आलेले कयाकवाले दोघं, एक मुलगी आणि तिचा मित्र; रात्री दोनला पोचले आणि गाडीतच झोपले. कातकरवाडीतला मामा आणि त्याचा भाचा. नववा मी, दोर वाहायला.

सामानाची वाटणी अशी. दाजूकडे दोरांची पिशवी, त्यात कप्प्या आणि कॅराबिनर. मुलीकडे दोन थ्रो-बॅग; थ्रो-बॅग म्हणजे तरंगणारा दोर भरलेली पिशवी, टोक हातात धरून वाहत्या माणसाकडे फेकायची. गाईडांकडे हातकरवती, कुऱ्हाड, पहार. मामाकडे कमरेच्या आकडीत कोयता. मामाच्या पायात काही नाही. मुलीने तिच्याकडचे जादा बूट पुढे केले. मामाने ते हातात घेऊन पाहिले, तळवा दाबला आणि परत दिले. "बुटानं दगूड कळत नाय," म्हणाला.

शेतांतून वाट. भात पिकलंय, ओंब्या वाकल्यात, काही खाचरांत कापणी लागलीय. बॅटरीच्या उजेडात बांधावरचे खेकडे बिळात पळतात. भाचा दोन धरतो आणि लुंगीच्या टोकात बांधतो. मामा त्याला दटावतो, मग स्वतः एक धरतो.

६.१०

नदी आता लहान आहे. दगड उघडे, मध्ये डोह, डोहांना जोडणारे पाण्याचे पट्टे. वरून पाणी सुटलेलं नसतं तेव्हा कुंडलिका अशीच दिसते. पाहणाऱ्याला वाटेल, हिच्यात कसलं आलंय राफ्टिंग.

उंबर चाळीसेक फुटांचा. बुंधा दोन माणसांच्या कवेत येईल एवढा. मुळांचा गड्डा डाव्या काठाला, माती अजून ओली. शेंडा उजवीकडच्या खडकात रुतलेला. मधल्या फांद्या पाण्यात, आणि त्यांत चार दिवसांत अडकलेलं सगळं: बांबू, एक अख्खा करंज, थर्मोकोल, निर्माल्याची पिशवी, फाटकं जाळं, एका पायातली चप्पल.

दादा झाडाला हात लावत नाही. वीस मिनिटं तो नुसता बघतो. या काठावरून, मग त्या काठावरून, मग पाण्यात उतरून मांडीपर्यंत. मामा दुसऱ्या टोकाला तेच करतोय. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

फांद्यांतून पाणी निघून जातं. माणूस निघत नाही. पाणी त्याला फांदीवर दाबून धरतं आणि मागून पाणी येतच राहतं. राफ्ट खडकावर आदळली तर उसळते, फिरते, सुटते. झाडावर आली तर झाडाखाली ओढली जाते. गाईड लोक खडकाला भीत नाहीत. लाकडाला भितात. पोहता येणं, लाइफ जॅकेट असणं, इथे याचा फारसा उपयोग नाही. उलट जॅकेटच फांदीत अडकतं.

६.४०

काम सुरू व्हायच्या आधी थोडा वेळ जातो. झाड उंबराचं आहे. गावातल्या गाईडाने घरून नारळ आणलाय, अगरबत्ती आणलीय. आईने दिली म्हणे. पडलेलं असलं म्हणून काय झालं, दत्ताचं झाड. बुंध्यावर पाणी शिंपडलं, नारळ वाढवला, सगळ्यांनी हात जोडले. दाजूने तर चप्पल काढून. खोबऱ्याचे तुकडे वाटून झाले तेव्हा पावणेसात वाजले होते.

मग दादाने नियम सांगितले. पाण्यात उभं राहून मशीन चालवायचं नाही; मशीन फक्त कोरड्या दगडावरून. पाण्यात हातकरवत. झाडाच्या वरच्या अंगाला कोणी उभं राहायचं नाही, पाय घसरला तर सरळ फांद्यांत. दोर कोणी अंगाला बांधायचा नाही. वर एक जण पाणी बघणार, खाली एक जण थ्रो-बॅग घेऊन उभा. आणि साडेआठला सगळे बाहेर. "काम अर्धं असू दे नायतर दोन बोटं राहू दे. साडेआठ म्हणजे साडेआठ."

खालच्या अंगाला मुलगी उभी राहिली. दिवसभर तिने तेच केलं. हातात पिशवी, डोळे पाण्यावर. कापाकापी बघायला सगळ्यांना आवडतं. तिने तिकडे पाठ फिरवलेली.

७.१५

आधी बारीकसारीक. मामा आणि भाचा कोयत्याने डहाळ्या उतरवतात. एका घावात मनगटाएवढी फांदी. डहाळी पाण्यात सोडून द्यायची नाही, पुढे कुठेतरी तीच अडकेल. ओढून काठावर टाकायची. ते काम माझ्याकडे आणि पुण्याच्या मुलाकडे. पंधरा मिनिटांत दोघांचेही तळहात चिकाने भरले. उंबराचा चीक पांढरा, बोटं एकमेकांना चिकटतात, आणि पाण्याने जात नाही. मामाने पामतेलाच्या पिशवीकडे बोट दाखवलं. तेल चोळल्यावर गेला.

मग दादाने मशीन ओढलं. तिसऱ्या झटक्याला लागलं.

आडवं पडलेलं झाड मेलेलं दिसतं, पण त्याच्या अंगात जोर असतो. दोन टोकं टेकलेली, मध्ये पोकळी. म्हणजे वरची साल दबलेली आणि खालची ताणलेली. वरून सरळ कापत गेलं तर चीर मिटत जाते आणि मशीनची पट्टी आत धरली जाते. म्हणून आधी वरून थोडं, एक तृतीयांश. चिरेत लाकडी पाचर ठोकायची. मग खालून वर. खालून कापताना लाकूड शेवटी एकदम सुटतं, तेव्हा गुडघे, पाय, हनुवटी कुठे आहे ते आधी ठरवून ठेवावं लागतं. दादा हे तोंडाने सांगत नाही. मशीन बंद करून, चिरेत बोट घालून, मला दाखवतो. चीर आधी करंगळीएवढी होती, आता बोटाचं नखसुद्धा जेमतेम जातं. झाड बसतंय.

"बघ," तो म्हणतो. "बोलतंय ते."

पाचर ठोकली. कीस पिवळट पांढरा, चिकाने ओला, साखळीवर गोळे होऊन बसतो. दर पाच मिनिटांनी मशीन बंद, काडीने गोळे काढायचे, तेल सोडायचं. शेंड्याकडचा एक ओंडका सुटून खडकाच्या मागे पडला. एवढा आवाज झाला की पलीकडच्या खाचरातले कापणीवाले विळे थांबवून बघायला लागले.

८.२०

दादाचा फोन वाजला. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी जॅकेटच्या खिशात. वर रवाळज्याकडे थांबलेल्या पोराचा फोन. पाणी सुटलं.

बुंध्याला निम्मी चीर पडलेली. आणखी दहा मिनिटं मिळाली असती तर एक मोठा तुकडा निघाला असता. पुण्याचा मुलगा म्हणाला, पाणी इथे यायला वेळ आहे ना अजून? कोणी उत्तर दिलं नाही. दाजू दोर गुंडाळत होता.

८.३० ला सगळे काठावर होते.

९.०५

हे पाणी कुठून येतं ते बसल्या बसल्या सांगण्यासारखं आहे. ते या नदीचं नाही. घाटावर मुळशीला पडलेला पाऊस खरं तर पूर्वेकडे जायचा; मुळा, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला. टाटांनी मुळशीला धरण बांधलं आणि ते पाणी बोगद्यातून, नळांतून पश्चिमेला, पाचशे मीटर खाली भिऱ्याला पाडलं. भिऱ्याचं वीजघर १९२७ सालचं. धरणात शेतं गेली, गावं गेली. १९२१ साली मावळ्यांनी मुळशी सत्याग्रह केला, सेनापती बापट तिथेच पुढे आले. वीज गेली मुंबईला. वीज करून उरलेलं पाणी भिऱ्याच्या खालच्या बांधात साठतं, तिथे पुन्हा एक लहान वीजघर फिरवतं आणि मग कुंडलिकेत येतं. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावर काही कालव्याला, काही रोह्याच्या कारखान्यांना, उरलेलं रेवदंड्याला खाडीत. या सगळ्या प्रवासात आठदहा मैलांचा तुकडा राफ्टवाल्यांच्या वाट्याला येतो, तोही दुसऱ्याच्या घड्याळाने. मुंबईला पंखे लागले की इथे पाणी. एखाद्या दिवशी वरून पाणी सुटलं नाही तर बसभर पर्यटक नाश्ता करून परत जातात.

दादाने काठावरच्या दगडावर कोळशाने रेघ मारून ठेवलीय. नऊ वाजून पाच मिनिटांनी आधी कचरा आला. पानं, काटक्या, फेस. मग डोहाचा आवाज बदलला. रेघेच्या खालचा दगड ओला झाला, मग रेघ गेली, मग दगड. ज्या जागी मी तासाभरापूर्वी गुडघाभर पाण्यात उभा होतो तिथे आता छातीच्या वर, आणि ताण असा की पहार उभी रोवली तरी थरथरली असती. अर्ध्या चिरेचा बुंधा पाण्याखाली गेला. वर फक्त दोन फांद्या, सतत मान हलवणाऱ्या. नव्या माणसाला तिथे झाड आहे हे कळणारही नाही.

९.५०

राफ्ट आल्या. वळणाच्या वर दोनशे पावलांवर त्या काठाला लागतात. गाईड ओरडून उतरवतात. पर्यटक झुडपातून चालत खाली येतात आणि राफ्ट दोरांवरून हळूहळू काठाकाठाने उतरवल्या जातात. सोमवारपासून हेच चाललंय. हंगामात माणशी हजार-दीड हजार मोजलेली माणसं, चालायला कुरकुर करतात.

ठाण्याचा एक ग्रुप होता, कंपनीचा. सगळ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे. एकाने दादाला विचारलं, "एवढंसं झाड, त्यावरून उडी मारून नाही जाता येणार?"

"जाता येईल की साहेब," दादा म्हणाला. "परत येता येणार नाही."

ते हसले. दादा हसला नाही, पण त्यांच्यातल्या एका बाईला काटेरी झुडपातून हात देऊन खाली आणलं. या बाया, ही माणसं, सोमवारी फोनवर 'तिकडे चालावं लागतं' असं सांगतात. मग पुढच्या रविवारची बुकिंगं गळतात. गाईडला फेरीमागे पैसे. दादाला सहाशे, पोरांना त्याहून कमी. फेरी नाही तर काही नाही.

११.००

चहा आणि वडापाव. वडापाव पंधरा रुपये, माणशी दोन. चहा दहा. सुतारवाडीहून एक जण मोटारसायकलवर घेऊन आला. चहा दुधाच्या किटलीत, वर केळीचं पान.

पाणी आहे तोवर काम नाही. हा वेळ झोपायचा. गाईड दगडांवर आडवे झाले, टोप्या तोंडावर. पुण्याच्या मुलाने लॅपटॉप काढला, झाडाखाली बसून कानात इअरफोन घालून मीटिंगला लागला. त्याने आज रजा टाकलेली नाही. 'वर्क फ्रॉम होम' आहे. मुलीने टाकलीय. ती फिजिओथेरपिस्ट आहे, तिला काम खांद्यावर हात ठेवल्याशिवाय होत नाही. एका दिवसाचे पेशंट पुढे ढकलले की त्या दिवसाचे पैसे गेले. ती इथे कयाक शिकली, ही नदी तिची पहिली. दोन वर्षांआड एखादं झाड निघतं, तेव्हा ती येते.

मामाचा हिशोब वेगळा. भातकापणीला आज मजुरी पाचशे आणि दुपारचं जेवण. पंधरा दिवसांचाच मोसम. कापणी झाली की दिवाळी, दिवाळी झाली की वाडीतली निम्मी घरं वीटभट्टीवर. मामानेही उचल घेतलीय. किती ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दादा त्याला आणि भाच्याला पाचशे-पाचशे देतो. वर लाकूड.

"आमी फुकाट येनार नाय," मामा सरळ म्हणाला. "हे येतात फुकाट. यांची नदी हाय." मग थोडा वेळ थांबून म्हणाला, "मासं आमचं हायत."

कोणाला वाईट वाटलं नाही. दादाचं म्हणणं, सगळ्यात जास्त काम मामाच करतो, तो फुकट का करेल.

१.१५

पाणी उतरायला लागलं. आधी कोळशाच्या रेघेचा दगड दिसला.

जेवण घरचं, ज्याचं त्याचं, पण एकत्र. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. पुण्याच्या दोघांनी ब्रेडचा पुडा आणला होता, तो तसाच राहिला. सकाळचे खेकडे भाच्याने निखाऱ्यावर भाजले. तीन खेकडे, नऊ माणसं. मला एक नांगी मिळाली.

२.१५

झाड हललं होतं. बुंध्याची चीर पाण्याने उघडून मोठी केली होती आणि सकाळी सुटलेला शेंड्याकडचा ओंडका फिरून पुन्हा वाटेत येऊन बसला होता. आता तोडणं कमी, ओढणं जास्त.

दाजूचं काम सुरू झालं. त्याने वरच्या काठावरचा एक करंज निवडला, बुंध्याला धक्का देऊन पाहिला, मुळं पाहिली. सालीवर दोर घासू नये म्हणून आधी गोणपाट गुंडाळलं, मग पट्टा, पट्ट्याला कॅराबिनर, कॅराबिनरला कप्पी. दुसरी कप्पी दोरावरच, बारीक दोरीच्या गाठीने धरलेली. ओढायचा दोर या कप्प्यांतून नागमोडी जातो. तीन माणसांनी ओढलं तर कागदावर नऊ जणांचं बळ. दोन-तीन जणांचं कप्प्या खातात. आणि फुकट काहीच नाही: आपण तीन हात दोर ओढावा तेव्हा ओंडका एक हात सरकतो.

ताणलेल्या दोराच्या मधोमध दाजूने एक ओलं लाइफ जॅकेट अडकवलं. मी विचारलं कशाला. दोर तुटलाच तर टोक चाबकासारखं येतं. जॅकेटच्या वजनाने ते खाली पडतं, माणसाच्या तोंडावर येत नाही.

"एक, दो, हैसा!"

काही नाही.

"हैसा!"

दोर वाजायला लागला. एक बारीक, किणकिणता आवाज. दाजूने हात वर केला, सगळे थांबले. तो दोराला हात न लावता त्याच्या कडेने चालत गेला आणि गाठीपाशी वाकला. बारीक दोरी गरम होऊन चकाकायला लागली होती, एक धागा वितळून टणक झाला होता. ताण सोडला. गाठ बदलली. कारण कळलं तेव्हा सगळ्यांना हसू आलं: ओंडक्याची एक फांदी पाण्याखाली खडकाच्या फटीत होती. आपण झाड नाही, खडक ओढत होतो.

मामा पाण्यात उतरला. मांडीभर, कमरेएवढं, मग छातीएवढं. हात पाण्याखाली घालून, मान वर, डोळे मिटून चाचपडत राहिला. हातकरवत मागितली. पाण्याखाली, न बघता, त्याने ती फांदी कापली. पाच-सात मिनिटं लागली असतील. खालच्या अंगाला मुलीने थ्रो-बॅगचं तोंड सोडून ठेवलं होतं आणि तिचा मित्र तिच्यामागे जॅकेटच्या खांद्याला धरून उभा होता. त्या सात मिनिटांत काठावर कोणी बोललं नाही. मामा वर आला तेव्हा ओठ निळसर झाले होते. त्याने करवत आधी दिली, मग हात.

"हैसा!"

आता ओंडका आला. आधी कण्हल्यासारखा, मग एकदम, आणि आम्ही तिघं मागे चिखलात बसलो.

४.००

वाट मोकळी झाली. राफ्ट साडेसहा-सात फूट रुंद. मधला तेरा-चौदा फुटांचा तुकडा निघाला, म्हणजे दोन राफ्ट शेजारी शेजारी जातील एवढी जागा. उरलं काय, तर डाव्या काठाला मुळांचा गड्डा आणि त्याला चिकटलेला आठेक फुटांचा बुंधा.

त्यावरून वाद झाला. एका तरुण गाईडचं म्हणणं, आलोच आहोत तर साफ करून टाकू, उद्या तोच सुटून येईल. मशीनमध्ये पेट्रोल आहे, उजेड आहे. दादा काही बोलला नाही. मामा म्हणाला, नको. गड्ड्याखाली पाणी थंड राहतं, मरळ तिथेच बसते, पिल्लं तिथेच राहतात. पुण्याच्या मुलीचंही तेच मत, तिची कारणं पुस्तकातली: मुळं काठ धरून ठेवतात, लाकडाच्या मागे गाळ बसतो, नदीत लाकूड असणं हा दोष नाही, ते वाटेत असणं हा दोष आहे. तरुण गाईड म्हणाला, मासे तिकीट काढून येत नाहीत.

मला वाटलं होतं दादा मधला काहीतरी तोडगा काढेल. त्याने नाही काढला. गड्ड्यावर चढून दोन्ही पायांनी उड्या मारल्या. हलला नाही. "राहू दे," म्हणाला. "हलला तर बघू."

तरुण गाईड थोडा वेळ फुगून बसला. मग उठून काठावरची निर्माल्याची पिशवी, थर्मोकोल आणि जाळं गोणीत भरायला लागला. चप्पलही भरली.

५.००

वाडीतल्या बाया आल्या. पाच जणी, दोन लहान मुली. डोक्याला चुंबळ. करंज आणि बांबू मामाने दिवसभरात हातभर तुकडे करून रचून ठेवले होते. करंज ओला आहे, पण उन्हात पंधरा दिवसांत वाळेल. मोळ्या वेलींनी बांधल्या. एक मोळी मी उचलून पाहिली. छातीपर्यंत आली, डोक्यावर नाही गेली. म्हातारीने माझ्या हातातून घेतली आणि एका दमात वर टाकली. गॅसची टाकी वाडीत काही घरांत आहे, कोपऱ्यात, बहुतेक रिकामी. भरायची तर साडेआठशेच्या वर.

उंबराच्या ओंडक्यांना कोणी हात लावला नाही. एक मुलगी त्यातला लहान तुकडा उचलायला गेली, आजीने तिला हाक मारली. औदुंबर चुलीत घालत नाहीत. ते ओंडके दादा आणि गाईडांनी पुराच्या रेघेच्या वर, दगडांच्या मागे ढकलून ठेवले. तासभर त्यातच गेला. एक ओंडका तिघांना, एक पाच जणांना.

६.१५

शेडमध्ये वही. वही शंभरपानी, बाहेर देवीचं चित्र. दादा सांगतो, एक पोरगा लिहितो. पेट्रोल दोन लिटर, दोनशे आठ. टू-टी साठ. पामतेल एकशे चाळीस. नारळ-अगरबत्ती पन्नास, आईने दिली असली तरी लिहायची. वडापाव दोनशे सत्तर. चहा दोनदा, एकशे ऐंशी. मामा-भाचा हजार. एकूण एकोणीसशे आठ.

जमा: माझ्यासकट सात जणांचे दोनशे-दोनशे, चौदाशे. शेडच्या मालकाचे पाचशे.

"कानस?" पोराने विचारलं. एकशे वीसची, आज झिजून गुळगुळीत झालेली.

"ती माझी. धरू नको."

जळालेली बारीक दोरी कोणी धरली नाही. मोठ्या दोराचे दोन मीटर खडकावर खरवडले, दाजूने चाकूने कापून टाकले, तेही नाही. चौघांच्या बुडालेल्या फेऱ्यांना तर वहीत रकानाच नाही.

आठ रुपये कमी पडले. मुलगी म्हणाली, फोनवरून पाठवते. दादाच्या फोनच्या पिशवीत पाणी गेलं होतं, स्क्रीन काळी. मग तिने गाडीच्या खणातून सुटे काढले. दहाचं नाणं होतं. दोन रुपये परत द्यायला कोणाकडे नव्हते, ते वहीत पुढच्या खात्याला जमा झाले.

उद्याचं ठरलं. आठला वर. पहिली राफ्ट रिकामी, फक्त दादा आणि दाजू. ती नीट गेली तर मागून पर्यटक. खाली कामतजवळ आणखी एक झाड काठावर कललंय, अजून उभं आहे. त्याच्यावर नजर ठेवायची. साखळी कोण घासणार यावर थोडी चर्चा झाली. नवीन कानस लागणार आहे. ती कोलाडला मिळत नाही, रोह्याहून आणावी लागते.